येळवंडे सरांना परवडायचं

येळवंडे सरांचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवे शिक्षक आले, तरी माझं दुखणं काही निवृत्त झालेलं नाही. परवा तळवड्याच्या चौकात स्कूटर अडकली होती. शेजारच्या टेम्पोतून ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, ओळखलं का? तुमच्याच शाळेचा मी!" मला बरं वाटलं. "सायन्सच्या ना तुम्ही?" मी मान डोलावली. "येळवंडे सर कसे आहेत?" गाड्या हलेपर्यंत तो येळवंडे सरांविषयीच बोलत होता. आरसा आणि भिंग त्याला मी शिकवलं. प्रयोगवही लिहीत नव्हता म्हणून मधल्या सुट्टीत बसवून मी पूर्ण करून घेतली. पोरगा दहावी सुटला तो विज्ञानाच्या मार्कांवर, आणि आठवण कुणाची, तर भूगोलाच्या मास्तरांची.

आमची शाळा चाकणच्या अलीकडे एका जुन्या गावात आहे. गाव आपलं म्हणायचं. एका अंगाला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, आणि मधे कुठेतरी देऊळ, पिठाची गिरणी आणि आम्ही. मी रोज पुनावळ्याहून धूर खात यायची. येळवंडे सर गावातलेच, घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मी पोचायची तेव्हा कपाळावर हेल्मेटचा वळ आणि तोंडाला बांधलेला स्कार्फ काळा झालेला. आणि हे गृहस्थ फाटकापाशी पोरांच्या घोळक्यात ताजेतवाने उभे. दिवसाची सुरुवातच अशी व्हायची, मग माझा स्वभाव गोड कुठून राहणार?

दिसायला काही विशेष नव्हते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायमचं बंद. वर्गाच्या दारात चपला काढून आत जायचे. मला आधी वाटलं पायाला काही झालं असेल. विचारलं, तर म्हणाले, "खळ्यात पायताण घालून जात न्हाईत मॅडम." मला ते फार नाटकी वाटलं. पण बघता बघता त्यांच्या वर्गातली पोरंही दारात चपला काढायला लागली, तीही सरळ ओळीत. माझ्या वर्गात शिस्तीचे दोन रंगीत तक्ते होते आणि दप्तरं मात्र भर वाटेत पडलेली असायची.

आता मुख्य गोष्ट. येळवंडे सरांना पगाराची गरज नव्हती. वडिलोपार्जित जमिनीतली काही कंपन्यांसाठी गेली होती, काही यांनी स्वतः विकली होती, आणि उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. परभणी, लातूर, बिहार, कुठकुठची माणसं त्या खोल्यांत राहायची आणि त्यांचीच पोरं आमच्या शाळेत यायची. भाऊ मोठ्या गाडीतून फिरायचा. शिवाय संस्थेचे अध्यक्ष सरांचे मावसभाऊ. त्यामुळे आमचे मुख्याध्यापक निकम सर आम्हा सगळ्यांवर खेकसायचे, पण येळवंडे सरांसमोर आले की "काय म्हणताय सर" असं सौम्य व्हायचे. ऑनलाइन माहिती भरायची राहिली? येळवंडे सर हसायचे. उपक्रमाचे फोटो टाकले नाहीत? हसायचे. मी मात्र एका फोटोसाठी नेटवर्क शोधत गच्चीवर जायची. त्यांना परवडायचं. माझे वडील पिंपरीत कंपनीत होते, तीन पाळ्यांत झिजलेला माणूस. शाळा नसती तर मी आज कुठे असते हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे शाळेचं काम हसण्यावारी नेणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून खुपला.

मी सुधारणावाली. नवं धोरण आलं तेव्हा पूर्ण वाचून काढणारी आमच्या शाळेत मी एकटीच. प्रशिक्षण असलं की पहिल्या रांगेत वही उघडून बसायची. पुढे तर तालुक्याला मीच मार्गदर्शक म्हणून जायला लागले. येळवंडे सर शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, डोळे मिटून. अशाच एका प्रशिक्षणात पुण्याहून आलेल्या बाईंनी सगळ्यांना विचारलं, "शाळा कशासाठी? एका वाक्यात लिहा." मी घाम गाळून वाक्य तयार केलं. त्यात सर्वांगीण विकास होता, जबाबदार नागरिक होता, एकविसावं शतक होतं. शेजारच्याने येळवंडे सरांना ढोसून उठवलं. ते उठले, म्हणाले, "पोराला घरी जाऊन सांगण्यासारखं रोज काहीतरी मिळावं, यासाठी," आणि बसले. त्या बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या सुट्टीत जो तो तेच वाक्य घोळवत होता. माझं वाक्य कुणी वाचायलाही मागितलं नाही. मी त्या दिवशी जिलबी घेतली नाही.

"घाई कंपनीला, शाळंला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. अभ्यासक्रम मागे राहिला की ते हेच ऐकवायचे, आणि तो कायम मागेच असायचा. नदीचं कार्य शिकवायला पुस्तकात दोन पानं आहेत. यांनी पोरांना घेऊन गावाबाहेरचा ओढा गाठला. ओढा आता एका कंपनीच्या भिंतीखाली पाइपातून जातो. भिंतीपाशी उभं राहून म्हणाले, "हितून पुढं आमचं रान व्हतं." एका पोराने विचारलं, "मग कुठं गेलं?" "मी इकलं." "का सर?" "भाव चांगला आला म्हणून." "आता परत घेता येईल?" "न्हाई." बस, एवढाच धडा. मी ती हकीकत माझ्याच वर्गातल्या मुलींकडून ऐकली; त्या मला सांगताना हळू आवाजात बोलत होत्या. स्वतःचं रान विकलं, पैसे घेतले, त्या पैशांतून खोल्या बांधल्या, आणि वरून त्याचा धडाही केला, तोही पोरांच्या काळजाला भिडणारा! अशा माणसाचा हेवा करायचा नाही तर कुणाचा?

पण सगळ्यात जास्त मी जळले ती त्यांच्या हजेरीवर. सर नाव घ्यायचे, आणि पोराने "हजर" म्हणायचं नाही. काल घरी भाजी काय होती ते सांगायचं. "अंजली?" "वांगं, सर." "सोहेल?" "बटाटा." "विकास?" "मम्मी सेकंड शिफ्टला होती, मीच खिचडी केली." वर्गातून "वा रे वा" व्हायचं. कुणी "नुसती चटणी" म्हणायचं, कुणी "काहीच नाही सर, चहा-खारी" म्हणायचं, आणि कुणी हसायचं नाही. कुणाच्या बापाचं काम सुटलंय, कुणाची आई गावी गेलीय, हे सरांना हजेरी संपेपर्यंत कळलेलं असायचं. चहा-खारीवाल्या पोराला मधल्या सुट्टीत ते नकाशे गुंडाळायच्या निमित्ताने थांबवून घ्यायचे आणि आपला डबा पुढे सरकवायचे.

मी म्हटलं, आपणही करून बघू. नववी ब. पहिल्या मुलाने सांगितलं, "पनीर." दुसऱ्याने सांगितलं, "पनीर." तिसरी म्हणाली, "पनीर आणि पुलाव." त्या दिवशी चाकण भागातल्या यच्चयावत खोल्यांत पनीर शिजलं होतं. मला खोटं सांगत होती ती पोरं, अगदी नीटनेटकी उभी राहून, माझ्याकडे आदराने बघत. त्या आदराची मला इतकी चीड आली की मी तो प्रकार तिथेच बंद केला.

पुढे शिक्षण खात्याचे एक साहेब शाळेला भेट द्यायला आले. त्यांनी ही हजेरी ऐकली आणि भारावून गेले. लगेच निकम सरांनी सगळ्या वर्गांना ती लागू केली. भाजीचा रकाना आला, आठवड्याचा पोषणाचा तक्ता आला, शनिवारी फोटो पाठवायचे ठरलं. त्याच दिवशी येळवंडे सर वर्गात गेले आणि म्हणाले, "आजपासून हजर म्हणायचं." पोरं हिरमुसली. मी मात्र भडकले. स्टाफरूममध्ये सरळ विचारलं, "चांगली गोष्ट आहे तर सगळीकडे पोचायला नको का सर? तुमच्या एका वर्गाचं भलं झालं, बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय?"

"पोचू द्या की," ते म्हणाले. "पर साहेबाला सांगायला पोरगं आपल्या घरची चटणी कशापायी सांगंल?"

मला अजूनही वाटतं की माझा प्रश्न बरोबर होता. सुधारणा म्हणजे एका माणसाच्या हातगुणावर चालणारं दुकान नव्हे. उद्या येळवंडे सर नसतील तेव्हा काय? पण त्यांच्या उत्तरानंतर सगळी स्टाफरूम माझ्याकडे न बघता चहा पीत होती.

मग आला कौशल्य कक्ष. हा माझा. एका कंपनीकडून यंत्रं, टेबलं, हत्यारं मिळवायला मी वर्षभर खेटे घातले. नववी-दहावीच्या पोरांना वायरिंग, मोजमाप, सुटे भाग जोडणं असं शिकवायचं, आणि दहावीनंतर ज्यांना हवं त्यांना कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात प्रवेश, विद्यावेतनासकट. पुढे नोकरीची हमी नाही, पण शक्यता बरीच. बैठकीत सगळ्यांनी होकार दिला. येळवंडे सर म्हणाले, "कंपनीला शाळंत कशाला आणताय? तिला वाट ठावं हाय, ती आपसूक येते. कंपनी जे शिकवणार न्हाई तेवढं शिकवायला तर शाळा."

माझा तोल गेला. "तुम्हाला बोलायला काय जातं सर? महिन्याच्या महिन्याला खोल्यांचं भाडं येतं. या पोरांना कमवायला लागणार आहे."

निकम सर पंख्याकडे बघायला लागले. येळवंडे सर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "व्हय, खरंय तुमचं. मला परवडतं. म्हणून तर मी बोलायचं. ज्याला परवडत न्हाई त्यो कसा बोलंल?" आणि वर मलाच म्हणाले, "पर पोरं शिकवाल चांगली, त्यात वाद न्हाई."

माणसाने निदान भांडावं तरी नीट! कक्ष सुरू झाला आणि चांगला चालला. पुस्तकापुढे पेंगणारी पोरं तिथे जागी व्हायची. पालक यायचे, बघायचे, खूश व्हायचे. त्या वर्षभर मी जरा कमी जळले.

कक्षात सगळ्यात वेगाने शिकली ती अंजली. परभणीकडची, वडील कंपनीत कंत्राटी, आई पॅकिंगला, मुक्काम येळवंडे सरांच्याच खोलीत. पण ती खरी माझ्या विषयातली. आवर्त सारणीवर प्रश्न विचारून मला घरी जाऊन पुस्तक उघडायला लावणारी माझ्या नोकरीतली एकमेव मुलगी. ती अकरावी सायन्सला जाणार, पुढे काय वाटेल ते होणार, आणि कधीतरी कुणी विचारलं तर माझं नाव सांगणार, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दहावीला तिला उत्तम मार्क पडले. आठवड्याभरात कळलं की वडील तिला प्रशिक्षण केंद्रात घालताहेत.

मी तडक खोलीवर गेले. वडील, गंगाधरराव, मला बघून उठून उभे राहिले, स्टूल पुसून दिलं. मी तासभर बोलले. ते ऐकत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमीच तर पालकसभेत सांगितलाव, संधी चांगली हाय म्हणून. तुमचा शबुद आमी खाली पडू दिला न्हाई." अंजली दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग आत गॅसवर ठेवलेल्या भाजीकडे बघितलं.

आता एकच माणूस उरला. ज्याच्यापुढे मला जायचं नव्हतं त्याच्याच ओट्यावर मी दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. म्हटलं, "सर, गंगाधरराव तुमचा शब्द मोडणार नाहीत. तुम्ही सांगा."

येळवंडे सर लसूण सोलत होते. हातातली पाकळी सोलून झाल्यावर म्हणाले, "मी गेलो तर मास्तर जाणार न्हाई मॅडम, घरमालक जाईल. त्यो हो म्हणंल, खोलीच्या भेवानं. तसला होकार पोरीच्या नावावर लिवू का?"

"पण तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे! ही मुलगी कुठली आणि तो कक्ष कुठला. तो कक्ष तिच्यासाठी नव्हताच मुळी."

त्यांनी मान वर केली. "मंग कुणासाठी व्हता?"

माझा मुलगा तेव्हा वाकडच्या इंग्रजी शाळेत आठवीत होता. त्याच्यासाठी नव्हता हे तर उघडच होतं. सर पुन्हा लसणाकडे वळले. टोमणा मारल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला असता तर मला किती सोपं गेलं असतं. तो नव्हता. त्यांच्या मंडळींनी चहा आणला, आम्ही तो प्यालो, आणि मी स्कूटर काढली. ते गंगाधररावांकडे शेवटपर्यंत गेले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण तत्त्वाची किंमत कुणी मोजली? त्यांनीही नाही आणि मीही नाही.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाला मांडव पुरला नाही. कंपन्यांच्या गणवेशातली जुनी पोरं, पोरींच्या कडेवर पोरं. मी सूत्रसंचालन केलं, कारण शाळेत चांगलं बोलणारी मीच. दीड तास मी त्यांच्याविषयी गोड बोलत होते आणि दात आवळून हसत होते.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीआधी. पेन्शनच्या कुठल्याशा सहीसाठी ते ऑफिसात आले होते. शाळा सुटली होती. आम्ही व्हरांड्यात दोन शब्द बोलत उभे होतो, तेवढ्यात फाटकातून अंजली आली. अंगात कंपनीचा करडा गणवेश, पायात जड बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, झालं, आता ही सरांच्या पाया पडणार आणि आपण बाजूला सरकायचं. मी सरकलेही. पण ती सरळ माझ्याकडे आली. वाकून नमस्कार केला.

"पहिला पेढा तुमचा मॅडम. पहिलं विद्यावेतन झालं. तुमच्यामुळं झालं हे, तुमच्या कक्षामुळं."

मग तिने सरांना पेढा दिला. सरांनी विचारलं, "कसं काय चाललंय? जमतंय का?" ती उत्साहाने सांगायला लागली: केंद्रात मुली कमीच, पण साहेबांनी तपासणीचं यंत्र तिच्याच हातात दिलंय, आईला मिक्सर घ्यायचा आहे, धाकट्याच्या शाळेची फी आता तीच भरणार. खरोखर खूश होती पोरगी. मी पेढा तसाच हातात धरून उभी होते. एवढी वर्षं जे दुसऱ्याच्या वाट्याला जाताना बघितलं ते आज माझ्या पुढ्यात होतं, आणि ते मला हव्या त्या गोष्टीसाठी मिळालेलं नव्हतं.

बोलता बोलता ती थांबली. जरा आवाज उतरवून म्हणाली, "मॅडम, अकरावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक असंल का हो तुमच्याकडं? जुनं चालंल. परीक्षेला नाही, नुसतं वाचायला."

मी येळवंडे सरांकडे बघितलं. काहीतरी बोलतील, ते त्यांचं एक वाक्य टाकतील, आणि सगळं सावरून नेतील असं वाटलं. सरांनी पेढा तोंडात टाकला, हात झटकले.

"बोला तुमी दोघी," म्हणाले. "पोरगी तुमची हाय मॅडम."

आणि पायऱ्या उतरून फाटकाकडे चालायला लागले. बाहेर शिफ्टच्या बसमधून कुणीतरी "सर, ओ सर" अशी हाक मारली, त्यांनी तिकडे हात केला आणि भिंतीआड दिसेनासे झाले. अंजली माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती. खरं सांगते, त्या क्षणीही मला त्यांचा हेवाच वाटला. त्यांना निघून जाता येत होतं.